शेतीतील अडचणी सोडविण्याची ‘ट्रिझ’ पद्धत : ‘हवे’ आणि ‘नको’ यांची फारकत



नदीवरचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. पावसाळ्यात नदीला पूर येतो. त्यावेळी पात्रात भिंत उभी असेल तर पाणी तुंबून काठच्या जमिनीत शिरते, बंधाऱ्यामागे गाळ साचतो आणि बंधाऱ्यालाही धोका पोहोचतो. म्हणजे पावसाळ्यात भिंत नको. पण पावसाळा संपला की रब्बीसाठी पाणी अडवावयाचे असते, त्यावेळी भिंत हवी. एकाच ठिकाणी भिंत हवीही आहे आणि नकोही आहे.

या अडचणीवर सहज सुचणारा तोडगा म्हणजे निम्म्या उंचीची भिंत. परंतु निम्मी भिंत पुरालाही आडवी आली असती आणि पाणीही निम्मेच अडले असते. बंधाऱ्याची ही पद्धत बसविणाऱ्यांनी तसे केले नाही. त्यांनी दगडी खांब पक्के बांधले आणि खांबांच्या खाचांत बसणारे बरगे काढता-घालता येतील असे ठेवले. पावसाळ्यात बरगे काढले की पूर निघून जातो, पावसाळ्याच्या अखेरीस बरगे घातले की पाणी पूर्ण उंचीने अडते. ‘हवे’ एका वेळी आणि ‘नको’ दुसऱ्या वेळी, अशी दोघांची फारकत झाली.

शेतीतील पुष्कळशा चिवट अडचणींचे मूळ अशाच ‘हवे’ आणि ‘नको’ यांच्या भांडणात असते. आपण बहुधा मधला मार्ग काढतो आणि दोन्हीकडचे थोडे थोडे नुकसान सोसतो. हे नुकसान दरवर्षी होत असल्याने ते नुकसान आहे हेही लक्षात राहत नाही. अशा अडचणी पद्धतशीरपणे कशा सोडवाव्यात याचे एक शास्त्र आहे. त्याला ‘ट्रिझ’ असे म्हणतात. या लेखात त्याची ओळख शेतीतील उदाहरणांनी करून दिली आहे.

माझ्या सल्ल्याची चूक

ही पद्धत माहीत होण्यापूर्वीची एक गोष्ट प्रथम सांगतो. भारी काळ्या जमिनीत सोयाबीन घेणाऱ्या एका शेतकऱ्याने मला विचारले होते, “सर, पाऊस जास्त झाला की पीक पिवळे पडते, म्हणून पाणी बाहेर काढावे वाटते. पण पुढे पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की तेच पाणी शेतात हवे होते असे वाटते. मी चर काढू की बांध घालू?” मी त्यांना मधला मार्ग सांगितला. सपाट पेरणी करा, एक-दोन उथळ चर काढा, थोडे पाणी जाईल आणि थोडे राहील.

त्या वर्षी जुलैत झड लागली. उथळ चरांतून पाणी पुरेसे निघाले नाही, मुळांना हवा मिळेना आणि पीक पिवळे पडले. ऑगस्टमध्ये खंड पडला, तेव्हा दुबळ्या मुळांचे तेच पीक दुपारी माना टाकू लागले. सुगी झाल्यावर ते गृहस्थ मला भेटले आणि म्हणाले, “सर, तुमच्या मधल्या मार्गाने दोन्हीकडचे नुकसान दाखवले.” बोलणे शांत होते, पण मला ते लागले. माझ्या उत्तरात शास्त्राविरुद्ध काही नव्हते. मी प्रश्न मात्र अर्धवट सोडविला होता. त्यांना एकाच शेतात पाण्याचा निचरा आणि पाण्याची साठवण ही दोन्ही कामे पूर्ण हवी होती. मी त्यांना दोन्ही अर्धी दिली. त्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढे येणारच आहे.

ट्रिझ म्हणजे काय ?

‘ट्रिझ’ हे नाव रशियन भाषेतील चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून तयार झाले आहे. ‘शोधक बुद्धीने सोडवावयाच्या समस्यांच्या उकलीचा सिद्धांत’ असा त्याचा अर्थ होतो. या शास्त्राचे जनक गेन्रिख आल्टशुलर यांचा जन्म १९२६ साली ताश्कंद येथे झाला. तरुणपणी ते कॅस्पियन समुद्रावरील सोव्हिएत नौदलात शोधांचे अर्ज तपासण्याचे काम करीत. नवा शोध लावणाऱ्या लोकांना मदत करणे हा त्या कामाचा भाग होता. शोध केवळ नशिबाने किंवा अंगच्या हुशारीने लागतात की त्यांच्यामागे काही नियम आहेत, असा प्रश्न त्यांना पडला. १९४६ पासून त्यांनी पेटंटांचा अभ्यास सुरू केला.

१९४८ साली त्यांनी आपले मित्र राफाएल शापिरो यांच्यासह स्टालिन यांना पत्र लिहून देशातील संशोधनाच्या कारभारावर टीका केली. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९५० मध्ये त्यांना अटक होऊन २५ वर्षांची शिक्षा झाली आणि उत्तरेकडील व्होर्कुता येथील श्रमछावणीत पाठविण्यात आले. स्टालिन यांच्या मृत्यूनंतर १९५४ साली त्यांची सुटका झाली. १९५६ मध्ये या विषयावरील त्यांचा पहिला लेख शापिरो यांच्यासह प्रसिद्ध झाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर ही पद्धत इतर देशांत पोहोचली आणि सॅमसंगसारख्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या अभियंत्यांना ती शिकविली.

आल्टशुलर यांना हजारो पेटंटे तपासून दोन गोष्टी आढळून आल्या. पहिली अशी, की चांगल्या शोधामागे बहुतेक वेळा एक विरोध असतो. एक गुण सुधारावयास गेले की दुसरा बिघडतो. अवजार मजबूत करावे तर जड होते, हलके करावे तर वाकते. सामान्य कारागीर यात मधला मार्ग काढतो, तर खरा शोध तो विरोधच मोडून काढतो. दुसरी गोष्ट अशी, की विरोध मोडण्याच्या युक्त्या अगणित नाहीत. निरनिराळ्या धंद्यांत त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा वापरलेल्या दिसतात. अशा ४० युक्त्यांची त्यांनी यादी केली.

याचे एक उदाहरण ट्रिझवरील पुस्तकांत नेहमी दिले जाते. ढोबळी मिरची डबाबंद करण्यापूर्वी देठ आणि बियांचा गड्डा काढावा लागतो. मिरच्या लहान-मोठ्या असल्याने यंत्राने हे काम नीट होत नव्हते. मग मिरच्या बंद भांड्यात ठेवून आतील हवेचा दाब हळूहळू वाढविण्यात आला. ही हवा देठाजवळच्या नाजूक जागेतून मिरचीत शिरते. त्यानंतर दाब एकदम सोडला की आतली हवा बाहेर पडताना देठासह बियांचा गड्डाच बाहेर फेकते. दाब हळूहळू वाढवून एकदम सोडण्याची हीच युक्ती सूर्यफुलाच्या बिया सोलण्यासाठी आणि चिरा असलेले हिरे त्या चिरांवर फोडण्यासाठीही वापरली गेली. मिरचीवाल्याची अडचण आणि हिरेवाल्याची अडचण मुळात एकच होती, परंतु ती एकच आहे हे त्यांना माहीत नव्हते. आपल्या शेतातील अडचणही कोणी ना कोणी, कुठे ना कुठे सोडविलेली असण्याचा संभव बराच असतो. ती ओळखता येण्यासाठी प्रथम तिचा विरोध नेमक्या शब्दांत मांडता आला पाहिजे.

फारकत करण्याचे चार मार्ग

विरोध ‘हे हवे आणि हेच नको’ अशा स्वरूपात मांडला की तो सोडविण्याचे चार मार्ग तपासावेत.

१) जागेने फारकत : ‘हवे’ एका जागी आणि ‘नको’ दुसऱ्या जागी. वर सांगितलेल्या सोयाबीनच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेने काळ्या भारी जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली. आज आपण तिला बीबीएफ पद्धत म्हणतो. तिच्या मूळ मांडणीत सुमारे एक मीटर रुंदीचा वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी असते. पीक वरंब्यावर राहते, पाणी सरीत राहते. जादा पाऊस झाला तर तो सरीतून सावकाश बाहेर पडतो आणि मुळांना हवा मिळते. कमी पाऊस झाला तर सरीत मुरलेली ओल वरंब्याला मिळते. सऱ्या उताराला आडव्या आणि अगदी थोडा उतार ठेवून काढाव्या लागतात. खंडाच्या काळात सरीचे तोंड मातीने बंद करून आणि झडीच्या वेळी ते मोकळे करून जागेच्या फारकतीला वेळेच्या फारकतीचीही जोड देता येते.

कोकणातील चारसूत्री भातशेती हे याच मार्गाचे दुसरे उदाहरण आहे. डॉ. नारायण सावंत यांनी या पद्धतीचा प्रसार केला. भातात रोपे दाट हवीत, पण आत फिरून कामे करण्यास मोकळी जागाही हवी. तसेच खत मुळांजवळ हवे, पण वाहत्या पाण्यात नको. यासाठी रोपांच्या चुडांमधील अंतर आळीपाळीने १५ आणि २५ सें.मी. ठेवतात. चार चुडांचा १५ सें.मी.चा चौकोन तयार होतो. त्याच्या मध्यभागी युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचतात. २५ सें.मी.ची पट्टी चालण्यास मोकळी राहते. हेक्टरी ६२,५०० चौकोन बसतात, म्हणजे सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात. फेकून दिलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते, तसे हे जात नाही.

२) वेळेने फारकत : ‘हवे’ एका वेळी आणि ‘नको’ दुसऱ्या वेळी. बंधाऱ्याचे बरगे हे याचे उदाहरण झाले. द्राक्षबागाईतदारांना दुसरे उदाहरण रोजच्या व्यवहारातले आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात विश्रांती घेते. आपल्याकडील हवामानात ती तशी झोपत नाही. वेलीने काडी तयार करून तीत घड धरावा हे हवे आणि फळेही पोसावीत हे हवे, पण दोन्ही कामे एकदम केली तर दोन्ही बिघडतात. म्हणून आपण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करून घेतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून माल घेतो. ट्रेमध्ये भाजीपाल्याची किंवा उसाची रोपे आधी वाढवून मग शेतात लावणे हाही वेळेच्या फारकतीचाच प्रकार आहे. पिकाचे पहिले काही आठवडे लहानशा जागेत, आपल्या नजरेखाली निघतात आणि शेत तेवढे दिवस आधीच्या पिकासाठी मोकळे राहते.

३) परिस्थितीने फारकत : एकच वस्तू एका परिस्थितीत एक काम आणि दुसऱ्या परिस्थितीत वेगळे काम करते. बांधाला ठेवलेला सांडवा पाहा. बेताचा पाऊस झाला तर सांडव्याच्या उंचीपर्यंत बांध पाणी धरून ठेवतो. जोराचा पाऊस झाला तर तोच सांडवा जादा पाणी सोडून देतो आणि बांध फुटण्यापासून वाचतो. रात्री-अपरात्री कोणी दार उघडावयास जावे लागत नाही.

४) अंश आणि समुदाय यांची फारकत : सुटा घटक एका गुणाचा आणि सगळा समुदाय वेगळ्या गुणाचा ठेवणे. ठिबकचा एक ड्रिपर थेंब-थेंब पाणी देतो, म्हणून माती वाहत नाही. सगळे ड्रिपर मिळून मात्र पिकाची गरज भागवितात. द्राक्षाच्या कलमात वेगळ्या प्रकारे हेच घडते. थॉमसन सीडलेसची फळे हवीत, पण तिची मुळे क्षार आणि पाण्याचा ताण सोसत नाहीत. डॉगरिज या जंगली अमेरिकन द्राक्षाच्या खुंटाची मुळे काटक, पण फळ आपल्या उपयोगाचे नाही. खालचा भाग एकाचा व वरचा भाग दुसऱ्याचा घेतला की एकाच वेलीत दोन्ही गुण येतात.

काम आपोआप व्हावे

ट्रिझमधील दुसरी महत्त्वाची कल्पना म्हणजे ‘आदर्श परिणाम’. काम झाले पाहिजे, पण त्यासाठी यंत्र, खर्च आणि मजुरी शक्य तितकी लागू नये. यासाठी कागदावर वाक्य असे लिहावे : “हे काम आपोआप होते.” मग आपल्या शेतात आधीपासून असलेली कोणती वस्तू ते काम करू शकेल, हे शोधावे.

हरभऱ्यावरील घाटे अळीचे उदाहरण घ्या. आदर्श परिणाम असा, की अळ्या कोणीतरी आपोआप वेचून खाव्यात. पक्षी हे काम करतात, फक्त त्यांना बसण्यास जागा हवी. म्हणून शेतात काठ्यांचे पक्षी थांबे उभारण्याची शिफारस आहे. याच्याही पुढची पायरी म्हणजे पेरणीच्या वेळी हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळणे. ज्वारीची ताटे हरभऱ्याच्या वर वाढतात आणि तीच पक्ष्यांचे थांबे होतात. काठी तोडणे नाही, रोवणे नाही. बांधावर गिरिपुष्प लावले तर हिरवळीच्या खताचा पाला बांधावरच तयार होतो, तो दुरून वाहून आणावा लागत नाही.

आपल्याकडील साधनांची यादी करताना पैसा आणि पाणी एवढ्यावरच थांबू नये. जमिनीचा उतार, ऊन, वारा, पडीक वेळ, पिकाचे अवशेष, पक्षी, शेजाऱ्याची बैलजोडी, बाजूच्या शहरातील गिऱ्हाईक ही सर्व साधनेच आहेत. ज्या वस्तूचा आपल्याला त्रास होतो तीही यादीत लिहावी. ‘अपायाचाच उपाय करणे’ ही ४० युक्त्यांतील एक युक्ती आहे.

विक्रीच्या व्यवहारातही हीच पद्धत

शेती हा धंदा आहे आणि धंद्यातील विरोधही याच मार्गांनी सुटतात. काढणीनंतर लगेच माल विकला तर आवक जास्त असल्याने भाव पडलेला असतो, म्हणून माल आता विकावयास नको. पण उधारी व पुढच्या पेरणीसाठी पैसा लगेच हवा. बहुतेक शेतकरी निम्मा माल विकून निम्मा ठेवतात. हाही मधलाच मार्ग. येथे फारकत मालाची आणि पैशाची करावयाची असते. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना राबविते. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ठरावीक भागाएवढे कर्ज मिळते. पैसा आज हातात येतो, माल नंतर विकला जातो. कोणता माल, किती रक्कम, किती व्याज आणि किती मुदत हे आपल्या बाजार समितीत विचारून घ्यावे आणि गोदामभाडे व व्याज वजा जाता भाववाढीची खरोखर शक्यता आहे का, याचा हिशेब प्रथम करावा.

द्राक्षाच्या निर्यातीत विरोध असा होता, की बाग लहान असेल तर मालकाचे लक्ष चांगले राहते, पण परदेशी गिऱ्हाइकाला कंटेनरच्या कंटेनर माल हवा असतो. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी केली. बाग ज्याची त्याची लहानच राहिली, बाजारात मात्र सगळे मिळून मोठे झाले. आजच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांमागेही अंश आणि समुदाय यांच्या फारकतीचेच तत्त्व आहे.

‘उलटे करून पाहणे’ ही आणखी एक युक्ती. माल गिऱ्हाइकाकडे नेण्याऐवजी गिऱ्हाईकच शेतावर आणले तर ? हिवाळ्यातील हुरडा पार्टी हे त्याचे घरगुती उदाहरण आहे. ज्वारीच्या कणसाचा वाहतूक-खर्च, हमाली आणि आडत सगळेच वाचते. वर शेतावरची मोकळी हवाही मोल देऊन जाते.

पद्धत प्रत्यक्ष कशी वापरावी : खोडव्यातील पाचटाचे उदाहरण

एक वही घ्यावी आणि पुढील सहा पायऱ्यांनी अडचण लिहून काढावी. उदाहरणासाठी ऊस तुटल्यावर शेतात पडणारे पाचट घेऊ.

पायरी १ – अडचण एका वाक्यात लिहा. वाक्यात उपायाचे नाव नको. “पाचट कसे जाळावे ?” असे लिहिले की उपाय आधीच ठरून जातो. “पाचटामुळे खोडव्याची कामे अडतात,” असे लिहावे.

पायरी २ – ‘हवे’ आणि ‘नको’ लिहा. पाचट हवे, कारण त्याने ओल टिकते, तण दबते आणि सेंद्रिय खत मिळते. पाचट नको, कारण बुडख्यावर पडल्यास फुटवे दबतात, पाणी देताना अडथळा होतो आणि खत देण्यासाठी माती उघडी मिळत नाही.

पायरी ३ – आदर्श परिणाम लिहा. “पाचट शेतातच राहते, आपोआप कुजते आणि कोणत्याही कामाच्या आड येत नाही.”

पायरी ४ – हाताशी असलेली साधने लिहा. सरीची मोकळी जागा, जमिनीतील ओल, कुजविणारे जिवाणू, घरातील पहार.

पायरी ५ – चारही मार्ग तपासा. जागेची फारकत येथे लागू पडते. पाचट बुडख्यावर नको, सरीत हवे. म्हणून बुडख्यावरचे पाचट ओढून सरीत दाबावे आणि बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाणी देण्यास अडचण होत असेल तर पाचट एक आड एक सरीत दाबून मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते लवकर कुजावे म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत टाकण्याची शिफारस आहे. राहिला प्रश्न पिकाच्या खताचा. माती उघडी करणे अवघड असेल तर ती सगळी उघडी करण्याची गरजच काय ? पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर तेवढेच खोल छिद्र घेऊन त्यात खत द्यावे आणि छिद्र बुजवावे. खत मुळांजवळ पडते आणि पाचट जागचे हलत नाही.

पायरी ६ – लहान प्रमाणात करून पाहा. पहिल्या वर्षी थोड्या सऱ्यांत हा प्रयोग करावा आणि शेजारी तेवढ्याच सऱ्या नेहमीच्या पद्धतीने ठेवाव्यात. पाण्याच्या पाळ्या, मजुरी, फुटवे आणि वजन यांची नोंद दोन्हीकडे ठेवावी. तुलनेसाठी शेजारची पट्टी नसेल तर आलेला फरक पावसाचा होता की पद्धतीचा, हे कळत नाही.

आग लावली असती तर एका दिवसात शेत मोकळे झाले असते. पण त्याबरोबर ओल टिकवणारे आच्छादन आणि जमिनीत जाणारे सेंद्रिय खतही गेले असते. अडचण नीट लिहून काढल्यामुळे ती गोष्ट अडचण न राहता साधन झाली.

काही सावधगिरी

१) प्रत्येक अडचण विरोधाची नसते. पीक कशाने पिवळे पडले हे माहीतच नसेल तर प्रथम माती परीक्षण व रोग-किडीचे निदान करून घ्यावे. माहितीची उणीव युक्तीने भरून निघत नाही.

२) कीडनाशके, तणनाशके आणि त्यांच्या मिश्रणांवर घरचे प्रयोग करू नयेत. तेथे शिफारस केलेली मात्रा आणि लेबलवरील सूचना पाळाव्यात.

३) कागदावर सुटलेली अडचण शेतात सुटेलच असे नाही. म्हणून पायरी ६ कधीही गाळू नये. संपूर्ण क्षेत्रावर एकदम बदल करून कर्ज अंगावर घेऊ नये.

४) घरातील सर्वांना वही दाखवावी. खुरपणी, वेचणी करणाऱ्या भगिनींना शेतातील ‘नको’ची यादी पुरुषांपेक्षा जास्त माहीत असते, कारण तो त्रास त्यांच्या हातांना आणि पाठीला रोज होत असतो.

सोयाबीनवाल्या त्या शेतकऱ्याकडे मी पुढच्या हंगामात पुन्हा गेलो. या वेळी चर काढावा की बांध घालावा याबद्दल मी काहीच बोललो नाही. एका कागदावर त्यांनी ‘पाणी हवे’ आणि ‘पाणी नको’ असे लिहिले व प्रत्येकापुढे जागा आणि महिना लिहिला. “मुळाशी नको, शेजारी हवे,” हे वाक्य त्यांच्याच तोंडून आले. त्यानंतर बीबीएफ पद्धत समजावून सांगण्यास मला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यांनी सुरुवातीला एक एकरावर रुंद वरंबे काढले आणि बाकीचे शेत तुलनेसाठी सपाट ठेवले. जुलैच्या झडीत दोन्हीकडच्या पानांचा रंग बांधावरून सहज ओळखू येत होता.

येत्या हंगामाच्या तयारीला लागण्यापूर्वी दरवर्षी आपल्याला नडणारी एकच अडचण निवडावी आणि ती वरील सहा पायऱ्यांनी लिहून काढावी. कृषि विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडे येताना ती वही सोबत आणावी. “काय करू ?” या प्रश्नापेक्षा “हे हवे आणि हेच नको, यांची फारकत कशी करू ?” या प्रश्नाला आम्हालाही अधिक नेमके उत्तर देता येते. आणि कोणी मधला मार्ग सुचविला, मग तो सल्ला माझ्यासारख्या प्राध्यापकाचा असला तरी, त्यात दोन्हीकडचे किती नुकसान सोसावे लागेल हे आधी विचारून घ्यावे.